जुन्या मोटारींतील अडकलेले कुलूप

जुन्या मोटारींतील अडकलेले कुलूप म्हणजे व्हिंटेज किंवा अभिजात मोटारीच्या एखाद्या भागात बसवलेले, किल्ली हरवल्यामुळे अथवा आतील यंत्रणा गंजून जखडल्यामुळे न उघडणारे कुलूप होय. अशी कुलपे प्रामुख्याने इग्निशन स्विच, स्टिअरिंगचा दांडा, दरवाजाची मूठ, डिकी, डॅशबोर्डचा खण, पेट्रोलच्या टाकीचे झाकण आणि जादा चाकाची पकड या ठिकाणी आढळतात. मोटारीचे पुनरुज्जीवन करताना हे कुलूप भागाची मोडतोड न करता काढणे हे एक स्वतंत्र कौशल्य मानले जाते.

या कामातील मुख्य अडचण कुलपाच्या रचनेतच आहे. कुलपाचा गाभा बाहेर पडू नये म्हणून कारखान्यात त्याला एक अडसर बसवलेला असतो आणि बहुतेक रचनांमध्ये योग्य किल्ली घालून गाभा ठरावीक कोनात फिरवल्याशिवाय हा अडसर सुटत नाही. म्हणजेच कुलूप काढण्यासाठीही किल्लीच लागते. दुसरीकडे, हरवलेल्या किल्लीची संपूर्ण माहिती त्याच कुलपाच्या आत शाबूत असते. त्यामुळे कुलूप फोडण्याआधी त्यातून किल्ली परत मिळवण्याचा प्रयत्न करणे, हा जतनकार्यातील प्रचलित क्रम आहे.

व्याप्ती आणि संज्ञा

‘व्हिंटेज’ या शब्दाचा अर्थ सर्वत्र सारखा नाही. ब्रिटनमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या प्रथेनुसार १९३० च्या अखेरपर्यंत तयार झालेल्या मोटारींना हा शब्द लावला जातो. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने ऐतिहासिक वाहनासाठी किमान ३० वर्षांचे वय धरले आहे. भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, वैयक्तिक वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांना व्हिंटेज मानले जाते. प्रस्तुत लेखात ही संज्ञा इलेक्ट्रॉनिक किल्ल्या येण्यापूर्वीच्या, पूर्णपणे यांत्रिक कुलपे असलेल्या मोटारींसाठी वापरली आहे.

इतिहास

मोटारींच्या पहिल्या पिढीत कुलपाला फारसे स्थान नव्हते. हँडल फिरवून इंजिन सुरू करावे लागे आणि विद्युतप्रवाह चालू-बंद करण्यासाठी साधी कळ पुरेशी असे. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत विद्युत स्टार्टर आल्यानंतर मोटार सुरू करणे सोपे झाले आणि त्याबरोबरच ती कोणीही सुरू करू नये ही गरज वाढली.

फोर्ड मॉडेल टी (१९०८–१९२७) या मोटारीच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये डॅशबोर्डवर किल्लीचा स्विच आला. त्याच्या किल्ल्यांना ५१ ते ७४ असे क्रमांक होते, म्हणजे लाखो मोटारींसाठी किल्लीचे केवळ २४ प्रकार होते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही व्यवस्था कमकुवत होती. आज मात्र तीच पुनरुज्जीवन करणाऱ्यांच्या उपयोगी पडते, कारण २४ किल्ल्यांचा संच जवळ असला की त्यांपैकी एक किल्ली जुळतेच.

फोर्ड मॉडेल ए (१९२८–१९३१) मध्ये इग्निशनचे कुलूप आणि वितरकाकडे जाणारी चिलखती तार हे एकसंध बनवले होते. कुलूप बंद असताना ही जोडणी मोटारीच्या सांगाड्याला टेकून ठिणगी रोखली जात असे. त्यामुळे केवळ स्विचला वळसा घालणारी तार जोडून मोटार सुरू करता येत नसे. १९३२ पासून फोर्डने इग्निशन स्विच आणि स्टिअरिंगचे कुलूप एकाच कंसात, स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवले.

१९३५ साली जनरल मोटर्सने ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचे बाजूपट्टीचे कुलूप स्वीकारले. क्रायस्लरने १९४९ मध्ये किल्ली फिरवूनच इंजिन सुरू करण्याची सोय आणली. त्याआधी अनेक मोटारींत किल्लीने फक्त विद्युतप्रवाह सुरू होई आणि स्टार्टरसाठी वेगळे बटण दाबावे लागे. जनरल मोटर्सच्या १९६९ सालच्या मोटारींत इग्निशनचे कुलूप डॅशबोर्डवरून स्टिअरिंगच्या दांड्यावर गेले आणि किल्ली काढताच स्टिअरिंग जखडू लागले. अमेरिकेचे चोरीप्रतिबंधाविषयीचे संघीय सुरक्षा मानक क्रमांक ११४ हे १ जानेवारी १९७० पासून अमलात आले. या बदलानंतर अडकलेले कुलूप काढणे अधिक अवघड झाले, कारण कुलपापर्यंत पोहोचण्यासाठी स्टिअरिंगचे चाक व त्याखालचे भाग उतरवावे लागू लागले.

रचना

मोटारीच्या सिलिंडर कुलपाचे दोन मुख्य भाग असतात: फिरणारा गाभा आणि त्याला वेढणारे स्थिर कवच. किल्ली नसताना काही लहान भाग गाभ्यातून कवचात शिरलेले असतात आणि गाभ्याला फिरू देत नाहीत. योग्य किल्ली घातली की तिच्यावरील खाचांमुळे हे भाग नेमक्या उंचीवर येतात, गाभा व कवच यांच्यातील सीमारेषा मोकळी होते आणि गाभा फिरतो. जुन्या मोटारींत या तत्त्वाचे तीन प्रकार आढळतात.

खुंट्यांचे कुलूप: यात प्रत्येक कप्प्यात स्प्रिंगने दाबलेल्या दोन खुंट्या एकावर एक असतात. अमेरिकी संशोधक लायनस येल (धाकटे) यांनी १८६१ व १८६५ मध्ये या प्रकाराच्या आधुनिक रूपाची एकस्वे घेतली. फोर्डच्या मोटारींत हा प्रकार दीर्घकाळ वापरला गेला.

पत्र्यांचे कुलूप: यात खुंट्यांऐवजी मधोमध चौकोनी भोक असलेल्या पातळ पितळी पत्र्या असतात. प्रत्येक पत्रीतील भोकाची उंची वेगळी असते. उत्पादन स्वस्त असल्याने ब्रिटिश व युरोपीय मोटारींत हा प्रकार सर्वाधिक आढळतो.

बाजूपट्टीचे कुलूप: यात पत्र्या थेट कवचात शिरत नाहीत. त्यांच्या कडेला खाचा असतात. सर्व खाचा एका ओळीत आल्या की गाभ्याच्या बाजूची एक पट्टी त्यांत आत सरकते आणि गाभा फिरतो. पत्र्यांवर बाहेरून दाब जाणवत नसल्याने हे कुलूप हत्याराने उघडणे इतर दोन प्रकारांपेक्षा कठीण असते.

या तिन्ही प्रकारांत गाभा धरून ठेवणारा अडसर वेगळा असतो. तो गाभ्याच्या टोकाजवळची स्प्रिंगची पत्री, कवचाच्या छिद्रातून दिसणारी लहान खुंटी, मागील बाजूची कडी किंवा स्क्रू या स्वरूपात असतो. कुलूप काढण्यापूर्वी तो कोणत्या स्वरूपाचा आहे आणि कोठे आहे हे ठरवणे आवश्यक असते.

अडकण्याची कारणे

किल्ली हरवणे हे सर्वांत सामान्य कारण आहे; पण किल्ली असूनही कुलूप न फिरण्याची उदाहरणे तितकीच आढळतात.

पहिले कारण सुकलेले वंगण हे होय. वर्षानुवर्षे घातलेले तेल धुळीसह घट्ट होते आणि पत्र्यांच्या बारीक स्प्रिंगा हलू देत नाही. तेल आणि ग्राफाइटची पूड दोन्ही एकाच कुलपात घातल्यास चिकट लगदा तयार होतो आणि अडचण वाढते.

दुसरे कारण झीज हे आहे. झिजलेल्या किल्लीवरून काढलेली नक्कल मूळ मापापासून दूर जाते. तिच्यावरून पुन्हा नक्कल केल्यास फरक साचत जातो आणि एक वेळ अशी येते की किल्ली आत जाते, पण गाभा फिरत नाही.

तिसरे कारण धातूचे क्षरण हे आहे. कुलपांची कवचे, मुठी आणि स्टिअरिंगवरील कंस अनेकदा जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले असत. सुरुवातीच्या काळातील अशा मिश्रधातूंत शिशासारख्या अशुद्धी राहत. त्यामुळे धातूच्या कणांच्या सीमांवर क्षरण सुरू होऊन भाग फुगतो, वाकतो आणि शेवटी त्याला भेगा पडतात. १९२९ मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीने अतिशुद्ध जस्तावर आधारलेले झमॅक हे मिश्रधातू बाजारात आणल्यानंतर हा दोष हळूहळू कमी झाला. क्षरणाने फुगलेल्या कवचात गाभा सर्व बाजूंनी आवळला जातो. अशा वेळी योग्य किल्लीही उपयोगी पडत नाही. मुंबई, कोकण व गोवा यांसारख्या दमट, खाऱ्या हवेच्या प्रदेशांत पोलादी स्क्रू व जस्ताचे कवच यांच्या सांध्यावर होणारे विद्युत-रासायनिक क्षरणही कुलूप जखडण्यास हातभार लावते.

चौथे कारण किल्लीचा तुकडा आत राहणे हे होय. जुन्या पितळी किल्ल्या जोर लावल्यास खाचेपाशी तुटतात.

कुलूप काढण्याचा क्रम

पूर्वतपासणी

कामाच्या आरंभी बॅटरीची सांगाड्याला जोडलेली तार सोडवली जाते. ही तार नेहमी ऋण टोकाचीच असते असे नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. त्यानंतर कुलपाची व आजूबाजूच्या भागांची छायाचित्रे घेतली जातात आणि कुलपावर कोरलेले आकडे व अक्षरे नोंदवली जातात.

मग पूर्ण भागच कुलपासह उतरवता येतो का, हे पाहिले जाते. लूकस बनावटीचे डॅशबोर्डवरील स्विच पुढील बाजूच्या गोल कड्याने बसवलेले असतात. ते कडे सोडवले की संपूर्ण स्विच मागून बाहेर येतो आणि कुलपाचे काम टेबलावर करता येते. डॅशबोर्डच्या खणाचे कुलूप किंवा डिकीची मूठही अनेकदा आतील बाजूने, मागील आसन काढून अथवा खणाच्या बिजागऱ्या सोडवून गाठता येते.

किल्ली परत मिळवणे

कुलूपशास्त्रात किल्लीच्या खाचांच्या मापांना संकेतांक दिलेला असतो. तो माहीत असल्यास कोऱ्या किल्लीवर मूळ मापाच्या खाचा पाडता येतात. अशी किल्ली झिजलेल्या किल्लीच्या नकलेपेक्षा अधिक अचूक असते. विल्मॉट ब्रीडन कंपनीच्या कुलपांच्या दर्शनी भागावर एफएस अक्षरांपुढे ८७६ ते ९५५ या दरम्यानचा क्रमांक कोरलेला असे; तो क्रमांक ब्रिटिश मोटारींच्या सुट्या भागांच्या विक्रेत्यांना सांगितल्यास तयार किल्ली मिळू शकते. जनरल मोटर्सच्या अनेक किल्ल्यांत संकेतांक मुठीतील एका लहान, ठोकून काढता येण्याजोग्या चकतीवर असे. मालकाने चकती काढून वेगळी ठेवावी, म्हणजे किल्ली चोरट्याच्या हाती लागली तरी संकेतांक कळू नये, असा त्यामागे हेतू होता. जुन्या कागदपत्रांच्या पाकिटात अशी चकती सापडल्यास कुलूप फोडण्याची गरज उरत नाही.

क्रमांक उपलब्ध नसल्यास त्याच मोटारीतील दुसऱ्या कुलपाचा आधार घेतला जातो. अनेक मोटारींत इग्निशन आणि दरवाजा एकाच किल्लीने उघडत असत. दरवाजाचे कुलूप आतील बाजूने सहज उतरवता येते. त्यातील पत्र्यांची उंची मोजून किल्ली घडवली की तीच इग्निशनलाही लागते. मात्र कारखान्याबाहेर एखादे कुलूप बदलले गेले असल्यास ही पद्धत निष्फळ ठरते.

तिसरी पद्धत ठशाची आहे. कोरी पितळी किल्ली कुलपात घालून हलक्या हाताने फिरवण्याचा प्रयत्न केला की अडलेल्या खुंट्या किंवा पत्र्या तिच्या कडेवर बारीक ठसे उमटवतात. त्या जागी कानशीने थोडे घासून पुन्हा तपासणी केली जाते. ठसे उमटणे थांबले म्हणजे त्या जागेची खाच पूर्ण झाली असे समजतात. हे काम चिकाटीचे असून त्यासाठी कुशल चावीवाल्याची मदत घेतली जाते. यात कुलूप अबाधित राहते आणि कायमची किल्लीही मिळते.

हत्यारांनी पत्र्या एकेक करून योग्य उंचीवर आणणे हा आणखी एक मार्ग आहे. त्यातून गाभा एकदा फिरतो व अडसर सोडवता येतो. किल्ली मात्र नंतर गाभा उघडून, पत्र्या मोजून तयार करावी लागते.

जखडलेला गाभा सैल करणे

गंजलेल्या कुलपावर प्रथम झिरपणारे तेल वापरले जाते. ते थोडे थोडे घालून काही तास, कधी काही दिवस मुरू दिले जाते. दरम्यान प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी हातोडीने कवचावर हलके ठोके दिल्यास कंपनांमुळे तेल आत सरकते आणि अडकलेल्या स्प्रिंगा मोकळ्या होतात. घट्ट झालेले वंगण विद्रावकाने धुऊन काढले जाते. या वेळी आजूबाजूचा मूळ रंग झाकून घ्यावा लागतो.

उष्णतेचा वापर मर्यादित ठेवला जातो. झमॅक गटातील मिश्रधातू सुमारे ३८० ते ३९० अंश सेल्सिअसला वितळतात. उघड्या ज्योतीचे तापमान याच्या कितीतरी पट असते, त्यामुळे गॅसच्या ज्योतीखाली कवच काही क्षणांत ढासळू शकते. आवश्यकता भासल्यास गरम हवेचे यंत्र वापरतात. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाजवळ कोणत्याही प्रकारची उष्णता वापरली जात नाही.

तुटलेल्या किल्लीचा तुकडा काढण्यासाठी बारीक दातांचा हुक किंवा झिजलेल्या करवतीचे पाते वापरतात. गाभा मूळ सरळ स्थितीत नसेल तर तुकडा बाहेर येत नाही, म्हणून आधी गाभा त्या स्थितीत आणला जातो. दोन्ही तुकडे जपून ठेवल्यास त्यांवरून किल्ली पुन्हा घडवता येते.

अडसर सोडवणे

गाभा फिरू लागल्यावर अडसर सोडवण्याची पद्धत मोटारीनुसार बदलते. जनरल मोटर्सच्या १९६८ पर्यंतच्या डॅशबोर्डवरील अनेक स्विचांत गाभ्याच्या तोंडाशी एक बारीक छिद्र असते. गाभा डावीकडे वळवून त्या छिद्रात ताठ तार दाबली असता अडसर मागे सरतो. मग गाभा आणखी डावीकडे वळवून बाहेर ओढला जातो. या स्विचांना किल्ली काढूनही कुलूपबंद न राहणारी एक स्थिती होती. मोटार त्या स्थितीत उभी केली गेली असेल तर गाभा किल्लीशिवायही फिरतो, म्हणून हे सर्वप्रथम तपासले जाते.

१९६९ ते १९७८ या काळातील जनरल मोटर्सच्या स्टिअरिंगच्या दांड्यांत अडसर स्प्रिंगच्या पत्रीचा आहे. स्टिअरिंगचे चाक आणि वळणदर्शक दिव्यांचा स्विच बाजूला केल्यावर दिसणाऱ्या फटीतून तो दाबता येतो. १९७९ पासून त्याची जागा स्क्रूने घेतली.

स्टिअरिंगचे कुलूप दांड्यावर बसवणाऱ्या कंसाला अनेक युरोपीय मोटारींत डोके तुटणारे बोल्ट असतात. कारखान्यात ते आवळताना ठरावीक जोरावर त्यांचे डोके तुटते आणि गुळगुळीत बुंधा उरतो, जेणेकरून पान्याने ते उघडता येऊ नयेत. असा बोल्ट काढण्यासाठी बुंध्याच्या कडेला छिन्नीचे टोक लावून तो हळूहळू उलट दिशेने फिरवतात, किंवा मध्यभागी छिद्र पाडून उलट्या आट्यांच्या हत्याराने बाहेर काढतात.

छिद्र पाडणे

वरील सर्व उपाय संपल्यावर गाभा ड्रिलने पोखरला जातो. प्रथम सुमारे ३ मिलिमीटरचे सरळ छिद्र पाडून मग ते टप्प्याटप्प्याने मोठे केले जाते, म्हणजे पत्र्या किंवा खुंट्या नष्ट होतात पण कवच वाचते. ड्रिल किंचित तिरके गेले तरी कवचाला इजा होते. त्यामुळे शक्य असल्यास भाग शिकंज्यात धरून काम केले जाते. धातूचा कीस विद्युत संपर्कांत शिरल्यास पुढे शॉर्टसर्किटचा धोका राहतो, म्हणून तो लोहचुंबकाने व हवेने काढला जातो. पितळ व जस्ताचा कीस चुंबकाला चिकटत नसल्याने त्यासाठी हवा किंवा कुंचलाच वापरावा लागतो. पेट्रोलच्या टाकीचे झाकण टाकीवर असताना पोखरणे धोकादायक आहे, कारण पेट्रोलच्या वाफा ठिणगीने पेट घेतात.

गाभ्यात स्क्रू रोवून झटक्याने ओढणे किंवा पेचकस ठोकून जोराने फिरवणे या पद्धती जतनकार्यात त्याज्य मानल्या जातात. क्षरणाने ठिसूळ झालेले जस्ताचे कवच अशा वेळी बहुधा गाभ्याआधी फुटते आणि त्याबरोबर मुठीवरचा क्रोमचा मुलामा किंवा डॅशबोर्डची पट्टीही खराब होते.

पुन्हा जोडणी

काढलेला गाभा स्वच्छ करून त्याच्या पत्र्या व स्प्रिंगा क्रमाने मांडल्या जातात. झिजलेल्या पत्र्या बदलून मोटारीतील सर्व कुलपे एकाच किल्लीला जुळवता येतात. जोडणीनंतर कोरडे वंगण वापरण्याची पद्धत आहे.

स्टिअरिंगचे कुलूप असल्यास अंतिम तपासणी विशेष महत्त्वाची ठरते. या कुलपात किल्ली काढल्यावर पुढे सरकणारा पोलादी खिट्टा असतो. अडसर नीट बसला नाही किंवा खिट्ट्याची स्प्रिंग तुटकी राहिली, तर धावत्या मोटारीत खिट्टा सरकून स्टिअरिंग जखडू शकते. म्हणून चाक जमिनीपासून उचलून, किल्ली चालू स्थितीत ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत अनेकदा फिरवून पाहिले जाते. खिट्ट्याविषयी शंका उरल्यास मोटार रस्त्यावर न आणता संपूर्ण कुलूप बदलले जाते.

जतनाचा प्रश्न

अडकलेले कुलूप काढून नवे बसवणे हा वेळ व खर्च वाचवणारा मार्ग आहे आणि रोज वापरल्या जाणाऱ्या मोटारीसाठी तो पुरेसा ठरतो. ऐतिहासिक मोटारींबाबत मात्र मूळ भागाला स्वतंत्र मूल्य असते. कुलपावरील क्रमांक, किल्लीचा संकेतांक आणि कारखान्याची कागदपत्रे एकमेकांशी जुळत असल्यास तो मोटारीच्या अस्सलपणाचा एक पुरावा ठरतो. कुलूप पोखरले की हा पुरावा कायमचा नष्ट होतो.

‘फिवा’ने २०१२ मध्ये मान्य केलेल्या ट्युरिनच्या सनदेत मूळ घटक शक्य तितके राखणे, केलेले बदल उलटवता येण्याजोगे असणे आणि प्रत्येक कामाची नोंद ठेवणे ही तत्त्वे मांडली आहेत. या तत्त्वांनुसार किल्ली परत मिळवणे ही दुरुस्ती ठरते, तर ड्रिल वापरणे हा न उलटवता येणारा हस्तक्षेप ठरतो. याउलट, स्टिअरिंगसारख्या भागात सुरक्षितता अस्सलपणाहून श्रेष्ठ मानली जाते. अशा वेळी मूळ कुलूप काढून, त्यावर नोंद लिहून ते मोटारीसोबत जपून ठेवले जाते आणि रस्त्यावरील वापरासाठी प्रतिकृती बसवली जाते.

मालकीचा पुरावा

किल्लीशिवाय कुलूप काढण्याच्या पद्धती दुरुस्तीसाठी जितक्या उपयुक्त, तितक्याच चोरीसाठीही वापरता येण्याजोग्या आहेत. त्यामुळे संकेतांकावरून किल्ली तयार करण्यापूर्वी मोटारीचे नोंदणीपत्र आणि मालकाचे ओळखपत्र पाहण्याची प्रथा आहे. वारसाने मिळालेल्या किंवा दीर्घकाळ बंद पडलेल्या मोटारींत नोंदणीपत्र पूर्वीच्या मालकाच्या नावे असते. अशा वेळी आधी हस्तांतराची कागदपत्रे पूर्ण करणे श्रेयस्कर ठरते. सुटा भाग, उदाहरणार्थ कुलपासह स्टिअरिंगचा दांडा, विकत घेताना पावती घेणेही याच कारणासाठी आवश्यक असते.

भारतातील स्थिती

भारतातील जुन्या मोटारींत परदेशी रचनांवर आधारलेल्या गाड्यांचे प्रमाण मोठे आहे. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणारी हिंदुस्तान अँबेसेडर ही ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर आधारलेली होती आणि तिचे उत्पादन २०१४ पर्यंत चालले. मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० वर आधारलेली मोटार तयार होत असे. पुढे ती प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे सर्वपरिचित झाली. अशा मोटारी दीर्घकाळ उत्पादनात राहिल्याने त्यांची कुलपे व कोऱ्या किल्ल्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात तुलनेने सहज मिळतात. संस्थानिकांनी आयात केलेल्या किंवा महायुद्धपूर्व मोटारींबाबत मात्र मूळ कुलूप गमावल्यास त्याची भरपाई परदेशातून करावी लागते.

२०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज वाहनांच्या नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क ठरवण्यात आले. या दर्जासाठी वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि त्याच्या सांगाड्यात, बाह्यांगात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. कुलूप बदलल्याने हा दर्जा जात नाही. परंतु मूळ स्वरूप राखण्याच्या या भूमिकेमुळे लहान भागांच्या जतनालाही महत्त्व येते.

हेही पाहा

कुलूप
किल्ली
इग्निशन स्विच
फोर्ड मॉडेल टी
हिंदुस्तान अँबेसेडर
प्रीमियर पद्मिनी